दोन काळ्याभोर रेघा

१

पट्टा तुटला सोमवारी आणि बोंब झाली शुक्रवारी.

आता मास्कचा पट्टा तुटणं ही काही मोठी बातमी नव्हे. पण हा तुटला तो पेशंटच्या घशात नळी घालायच्या ऐन वेळेला. सिस्टरचे दोन्ही हात कामात, पेशंट खोकतोय, आणि मास्क लोंबकळतोय गळ्यात. तिनं हात सोडले नाहीत. नळी नीट बसवली, मग बाहेर येऊन तोंड धुतलं. गुरुवारी तिला ताप भरला. शुक्रवारी सकाळी तिला त्याच वॉर्डाच्या शेवटच्या खोलीत, काचेच्या दाराआड, ऑक्सिजन लावून झोपवलं.

ही सिस्टर म्हणजे कडूबाईंची सून.

कडूबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नर्सिंगच्या मुलींना तीस वर्षं शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. साथ आली, माणसं कमी पडली, तसं हॉस्पिटलनं त्यांना परत बोलावलं आणि मास्क तपासायचं काम दिलं. ते काम असं: माणसाला मास्क घालायला लावायचा, डोक्यावर पारदर्शक टोप चढवायचा आणि टोपाच्या भोकातून कडूजहर औषधाचा फवारा मारायचा. जीभ कडू झाली म्हणजे मास्क कुठंतरी फटीतून गळतोय. मग परत घाला, परत फवारा. डॉक्टरांपासून सगळ्यांची तोंडं त्यांनी कडू केली होती, म्हणून कडूबाई. जिभेनंही काही गोड नव्हत्या म्हणा, त्यामुळे नाव दोन्हीकडून चिकटलं.

शुक्रवारी दुपारी मोठ्या साहेबांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. हॉस्पिटलचा सगळा कारभार या साहेबांच्या हातात. टेबलावर प्लास्टिकच्या बंद पिशवीत तो मास्क होता. वरच्या पट्ट्याचे दोन तुकडे झालेले.

"यावर रेघा किती, मोजा," साहेब म्हणाले.

"दोन."

"म्हणजे दोनदाच शुद्ध केलेला. दोन वेळात पट्टा असा तुटतो? याचा अर्थ सरळ आहे. तुमचे ते बॉयलरमामा एक तर वाफ दुप्पट सोडतायत, नाहीतर पाचदा मशीनमधून काढून दोनच रेघा मारतायत. मी त्यांना घरी बसवतोय. आणि ती मास्क शुद्ध करायची खोली बंद."

"खोली बंद? मग उद्या आत जाणाऱ्यांच्या तोंडावर काय असणार आहे?"

साहेब पिशवी टेबलावर इकडची तिकडे सरकवू लागले. बोलणार काय? एकदा घालून फेकायचे हे मास्क. नवा माल यायला अजून तीन आठवडे. स्टोअरमध्ये शिल्लक इतकी थोडी, की सगळ्यांना वाटले तर दोन दिवसांत खडखडाट. बॉयलरमामांच्या खोलीतून रोज दोनशे मास्क शुद्ध होऊन परत जात होते, त्यावर तर हॉस्पिटल उभं होतं.

"मला उद्यापर्यंत वेळ द्या," कडूबाई म्हणाल्या. "माझी सून तिथं ऑक्सिजनवर पडलीय. हे कुणी केलं ते मी शोधते. नाही सापडलं तर घाला कुलूप."

"उद्या दुपारी अडीचला कमिटी बसणार आहे."

"बसू दे," असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली.

२

खोली म्हणजे जुनी धुलाईची खोली. चादरींची यंत्रं हलवून तिथं आता काचेचं बंद दालन केलं होतं. आत तारांवर मास्क टांगायचे, दार लावायचं आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडायची. जंतू मरेपर्यंत वाफ, मग ती पूर्ण निघून जाईपर्यंत हवा. चार तासांचा कारभार. बॉयलरमामांनी उभं आयुष्य बॉयलर सांभाळण्यात काढलं होतं. या मशीनचं पुस्तक त्यांनी शाळकरी पोरानं कविता पाठ करावी तसं पाठ केलं होतं.

कडूबाई आल्या तेव्हा मामा स्टुलावर बसून होते. डोळे लाल.

"बाई, तुम्हाला पण असंच वाटतं का?"

"मला काय वाटतं ते जाऊ द्या. कसं करता ते दाखवा. मी आंधळी आहे असं समजा आणि पहिल्यापासून सांगा."

मामा उठले. "खिडकीतून मास्क येतो. त्यावर नाव आणि वॉर्ड मार्करनं लिहिलेलं असतंच. ज्याचा त्याला परत जायला हवा ना, तोंडाच्या मापाला बसलेला असतो. मी वहीत टिपतो, तारेवर टांगतो, वाफ देतो. बाहेर काढला की एक रेघ मारतो. मग पिशवीत घालून परत. पाचवी रेघ पडली की तो शेवटचा एकदा वापरायचा, नंतर मालकानं स्वतः पट्टे कापून लाल डब्यात टाकायचा. मी चिठ्ठी देतो, ती दाखवली की स्टोअरमधून नवा."

"माझ्या सुनेचं काय लिहिलंय?"

मामांनी वही उघडली. बारा तारखेला नवा मास्क. चौदाला पहिली फेरी. सोळाला दुसरी. पट्टा तुटला अठराला. सगळं सुवाच्य अक्षरात, कुठं खाडाखोड नाही.

"वाफ जास्त सोडली असती तर?"

"तर बाकीच्यांचे नसते का तुटले? एकाच तारेवर पन्नास मास्क असतात, बाई. वाफ काय नाव वाचून लागते?"

हे मात्र खरं होतं. कडूबाईंनी हातमोजे घातले, पिशवीतून मास्क काढला आणि दिव्याखाली धरला. नाकावरची पट्टी वाकवून वाकवून मऊ झालेली, आतला स्पंज पार चपटा. दोन फेऱ्यांचा मास्क असा दिसत नाही. हजारभर मास्क त्यांच्या हाताखालून गेले होते. त्यांना शपथ घालायची गरज नव्हती.

"मामा, दोन रेघांचा दुसरा एखादा दाखवा बरं."

मामांनी तारेवरून एक काढून दिला. कडूबाईंनी दोन्ही शेजारी शेजारी धरले. आधी त्यांना काही कळेना. मग कळलं, तसा त्यांनी चष्मा पुसून परत पाहिलं.

"याच्यावरचं नाव पुसट का झालंय हो?"

"वाफेनं. पेरॉक्साइड रंग खातं. नाव दोनदा वाफ खाऊन आलंय, म्हणून सगळ्यात फिकं. पहिली रेघ एकदा, म्हणून जराशी फिकी. दुसरी नंतर मारलेली, ती काळी. सगळ्यांचं असंच असतं."

"मग हा बघा," कडूबाई म्हणाल्या.

तुटलेल्या मास्कवर नाव काळंभोर होतं. पहिली रेघ काळीभोर. दुसरीही तितकीच काळीभोर.

मामांनी खाली वाकून पाहिलं आणि ते सावकाश म्हणाले, "बाई, या रेघा मी मारलेल्या नाहीत."

३

म्हणजे कुणीतरी एका बैठकीत नाव आणि दोन्ही रेघा काढल्या होत्या, आणि त्यानंतर तो मास्क मशीनमध्ये गेलाच नव्हता. का काढल्या? वहीत दोन फेऱ्या आहेत, तर मास्कवर दोनच दिसाव्यात म्हणून. मास्क मुळात दुसराच.

दुसरा मास्क आला कुठून? त्यासाठी शनिवारी सकाळी कडूबाई स्टोअरमध्ये गेल्या. स्टोअरकीपरला सगळे किल्ली म्हणत, कारण कमरेचा जुडगा वाजल्याशिवाय तो चालू शकत नसे. मास्क द्यायचा तर अंगाचं कातडं सोलून दिल्यासारखा चेहरा करायचा. कुणी म्हणायचं तो खोक्यांवर बसून असतो, कुणी म्हणायचं जुनेच मास्क नवे म्हणून खपवतो. कडूबाईंचाही त्याच्यावर संशय होताच.

"तुमच्या सुनेला मी जुना दिला म्हणता?" किल्ली उखडला. "अहो, सीलबंद खोकं त्यांच्यासमोर फोडलं! ही त्यांची सही."

"रागावता कशाला? मी अजून काही म्हटलेलंच नाही."

"म्हणायच्या आधीच सांगतो. प्रत्येक मास्कवर कारखान्याचा नंबर छापलेला असतो. बाराला मी दिला त्या खोक्याचा नंबर संपतो सत्तेचाळीसनं. तुमच्याकडच्याचा वाचा."

छापलेला नंबर कडेला, बारीक. किल्लीनं भिंग दिलं. कडूबाईंनी वाचलं, परत वाचलं.

"एकोणीस."

"एकोणीसवालं खोकं गेल्या महिन्यात संपलं," किल्लीनं वही फिरवून दाखवली. "त्या वॉर्डाला सहा दिले होते. तेव्हा माझ्या नावानं खडे फोडणं बंद करा."

"तुमच्या नावानं गावभर फोडतात. मी एकटीनं थांबून काय होणार?" कडूबाई म्हणाल्या, पण मनातून त्यांनी किल्लीला यादीतून काढून टाकलं.

त्या मास्क घेऊन खिडकीशी गेल्या आणि उन्हात आडवा धरला. काळ्या नावाच्या भोवती करडा डाग पसरला होता. फडक्यानं मार्कर पुसला की पसरतो तसा. हॉस्पिटलात मार्कर कशानं पुसतात? बाटल्यांवरचा असो, फळ्यावरचा असो, स्पिरिटच्या बोळ्यानं. आणि त्या करड्या डागात, नव्या नावाच्या मागे, जुन्या नावाची पुसट सावली होती. नाव एकच. सुनेचंच. रेघांच्या मागेही रेघांच्या सावल्या होत्या. मोजल्या, पाच भरल्या.

हा सुनेचाच जुना मास्क होता. पाच रेघा पूर्ण होऊन लाल डब्यात जायला हवा होता तो. तो स्पिरिटनं पुसून परत तिच्या तोंडावर गेला होता.

 कडूबाई खिडकीच्या कट्ट्यावर टेकल्या. मास्कच्या कापसात नुसती जाळी नसते. कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे ओढतो, तशी वीज त्या धाग्यांत भरलेली असते आणि बारीक कण तीच पकडते. स्पिरिट लागलं की ती वीज उतरते. दिसायला मास्क तसाच्या तसा, पण आतून निकामी. पहिल्याच ट्रेनिंगमध्ये त्यांनी घसा फोडून सांगितलं होतं: मास्कला स्पिरिट लावाल तर मास्क मेला. म्हणजे सोमवारी पट्टा तुटला नसता तरी सून फुटक्या छत्रीखालीच उभी होती.

"किल्ली," त्यांनी विचारलं, "मग बाराला दिलेला, सत्तेचाळीसवाला, तो कुठंय?"

"मला काय विचारता?" किल्ली म्हणाला. "कुणाच्या तरी तोंडावर असेल."

४

दुपारी एकच्या सुमारास कडूबाई वॉर्डाबाहेरच्या पडवीत गेल्या. तिथं वॉर्डाच्या मावशी बसून डबा खात होत्या. झाडलोट, फरशी, लाल डबा उचलणं ही त्यांची कामं. सुनेच्या बाजूच्या चारही खोल्या त्यांच्याकडे.

कडूबाईंना पाहून मावशींनी घाईघाईनं डबा झाकला आणि कापडी मास्क तोंडावर ओढला. पण तेवढ्या वेळात कडूबाईंनी चेहरा पाहून घेतला होता.

"मावशी, लाल डबा तुम्हीच रिकामा करता ना?"

"मीच करते की."

"त्यात पट्टे न कापलेले मास्क सापडतात?"

"कधीमधी. मी बांधून टाकते भट्टीत. आपल्याला काय करायचंय त्यांचं?" मावशी बोलल्या, पण नजर जमिनीवर. "बाई, सिस्टर कशा आहेत?"

"ऑक्सिजनवर आहे."

मावशींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कडूबाईंना ते पाणी बघून संताप आला. त्यांना त्या क्षणी सगळं समजल्यासारखं झालं होतं. कापडी मास्क कानाला अडकतो, गालावर वळ उठवत नाही. मावशींच्या दोन्ही गालांवर लाल वळ होते, आणि नाकाच्या दांड्यावर चामडी सोलवटलेली. असा चेहरा कडूबाई दिवसातून चाळीस वेळा पाहत होत्या. पण तो डॉक्टरांचा नि सिस्टरांचा. मावशींना हे मास्क मिळतच नव्हते.

"ती पिशवी दाखव," त्या म्हणाल्या.

"कुठली?"

"शेजारची. उघड."

मावशींनी पिशवी छातीशी धरली. कडूबाईंनी ती सरळ ओढून घेतली. आत कागदात गुंडाळलेला मास्क होता. कडेचा नंबर सत्तेचाळीसनं संपत होता. जिथं नाव असतं तिथं रुंद चिकटपट्टी लावलेली. कडूबाईंनी नखानं पट्टीचं टोक उचकटलं. खाली सुनेचं नाव, फिकं. एक रेघ जराशी फिकी. एक काळी.

"चोरलास?"

"मी चोर नाही, बाई."

"मग कुणी दिला?"

मावशी डब्याचं झाकण दाबत राहिल्या.

"अगं, तिचा जुना कचऱ्यातून काढलास, पुसलास, नाव टाकलंस आणि तिच्या कपाटात ठेवलास! आणि नवा स्वतः घातलास! ती तुला ताटातला घास द्यायची ना?"

"मी चोर नाही," मावशींनी परत तेवढंच म्हटलं. ओठ घट्ट मिटून घेतले आणि पुढचं काहीएक सांगितलं नाही.

"बस इथंच गप्प," असं म्हणून कडूबाई तो मास्क घेऊन निघाल्या. जिना चढताना त्यांना धाप लागली, पण बरंही वाटत होतं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटत होतं.

५

कमिटीत मोठे साहेब, दोन डॉक्टर, किल्ली आणि कोपऱ्यात अंग चोरून उभे असलेले बॉयलरमामा. कडूबाईंनी दोन्ही मास्क टेबलावर मांडले आणि शाळेत धडा समजावावा तसं पहिल्यापासून सांगितलं. काळ्या रेघा, फिक्या रेघा. एकोणीस आणि सत्तेचाळीस. स्पिरिटचा डाग, पाच सावल्या. गालावरचे वळ.

"तेव्हा मामांच्या मशीनमध्ये खोट नाही आणि मामांच्या वहीतही नाही," त्या म्हणाल्या. "उलट मामांची शाई फिकी होत नसती तर हे कधी कळलंच नसतं."

साहेबांनी मामांकडे पाहून मान डोलावली. "मामा, खोली चालू राहील. मी बोललो ते मनावर घेऊ नका." मामांनी हात जोडले. मग साहेब म्हणाले, "आणि त्या बाईंना आजपासून कामावरून काढा. पोलिसांत द्यायचं का ते नंतर बघू."

झालं. सगळे खुर्च्या मागे सरकवू लागले. तेवढ्यात कोपऱ्यातून मामा बोलले. जीव भांड्यात पडलेल्या माणसाचा बोलका स्वभाव परत आला होता.

"एक विचारू का, बाई? म्हणजे माझं आपलं अडाण्याचं डोकं."

"विचारा."

"स्पिरिटचा बोळा हातात होता. जुन्यावरचं नाव पुसलं. मग या चांगल्यावरचं का नाही पुसलं? चिकटपट्टी कशाला लावली? पट्टी तर उलट डोळ्यात भरते."

कडूबाई परत टेबलापाशी आल्या.

त्यांनी चांगला मास्क हातात घेतला. चिकटपट्टी नीट लावली होती. टोकं गोल कापलेली, सुटू नयेत म्हणून. जखमेवर लावताना सिस्टर लोक कापतात तशी.

"स्पिरिटनं मास्क मरतो हे जिला माहीत आहे," त्या हळूहळू बोलू लागल्या, "ती चांगल्या मास्कला स्पिरिट लावणार नाही. ती पट्टी लावेल."

"हो ना. मग?"

"मावशींना ते माहीत नाही. ते मी ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. आणि ट्रेनिंगला मावशी नव्हत्या."

"का नव्हत्या?" एका डॉक्टरांनी विचारलं.

कडूबाईंना पहिला दिवस आठवला. टोपासमोर रांग लागली होती. रांगेत शेवटी तीन मावशी उभ्या होत्या. त्यांनीच हातातली यादी बघून सांगितलं होतं: तुमची नावं नाहीत यात, तुमचं कापडावर भागेल, उगाच गर्दी करू नका.

"यादीत नावं नव्हती म्हणून. मी परत पाठवलं. सही साहेबांची असली तरी यादी मी केली होती." त्या खुर्चीवर बसल्या. "मावशींनी पुसलं असतं तर दोन्ही मास्क पुसले असते. ज्या हातानं जुना पुसला त्या हाताला ठाऊक होतं की आपण मास्क बिघडवतोय. म्हणून बिघडलेला तिनं स्वतःला ठेवला आणि चांगला दुसरीला दिला. साहेब, चोरी झालेलीच नाही. माझ्या सुनेनं दिलाय तो."

"पण स्वतः जुना कशाला पुसायचा? तसाच घालायचा!"

"पाच रेघांचा मास्क दारावर अडवतात. नवा मागायचा तर मामांची चिठ्ठी लागते आणि वहीत दोनच फेऱ्या. किल्लींनी दिला असता?"

"नसता दिला," किल्ली खाली बघत म्हणाला.

"लाल डब्यात टाकायच्या आधी कपाटात राहिला असेल, तो काढला. वरवर पुसलं तर आतपर्यंत जाणार नाही असं समजली असेल. शहाणी माणसंच असल्या चुका करतात. आणि मावशी गप्प आहेत, कारण तोंड उघडलं तर सिस्टरची नोकरी जाईल. मी तिला चोर म्हटलं, तरी बोलली नाही."

 मोठ्या साहेबांनी घसा खाकरला. कडूबाईंची नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली. तीनला पाच कमी होते.

"दुपारची फरशी किती वाजता असते?"

"तीन वाजता. का?"

"का म्हणून काय विचारता! तिचा मास्क इथं टेबलावर पडलाय!"

६

बासष्टाव्या वर्षी माणूस पळत नाही. कडूबाई पळाल्या. मागून किल्लीचा जुडगा खुळखुळत येत होता. त्याला त्यांनी जिन्यावरच ओरडून सांगितलं होतं, नवा काढ, एक नाही तीन काढ, आणि माझा टोप घेऊन ये.

वॉर्डाच्या टोकाला, शेवटच्या काचेच्या दाराशी मावशी उभ्या होत्या. एका हातात बादली, एका हातात फरशी पुसायचा दांडा, तोंडावर कापड. दाराच्या मुठीला कोपर लावून आत ढकलण्याच्या बेतात.

"मावशी! थांबा!"

मावशी दचकल्या. बादलीतलं पाणी हिंदकळलं. "जातेच आहे बाई, उशीर नाही केला मी."

"आत गेलात का कुठं?"

"चारही खोल्या राहिल्यात अजून. पहिली हीच घेते. सिस्टर इथं आहेत ना, त्यांना घाण चालत नाही."

कडूबाईंना बोलायला दम पुरेना. त्यांनी आधी दांडा मावशींच्या हातातून काढून घेतला. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला नको ते बोलले. चूक माझी होती. तिनं दिला ना तुम्हाला?"

मावशींनी काचेतून आत पाहिलं, जणू आतून परवानगी हवी होती.

"तुमची शपथ, मी नको म्हणत होते," त्या शेवटी म्हणाल्या. "त्या म्हणाल्या, मावशी, या खोल्यांत तू रोज माझ्या आधी जातेस. मला आत जायला डॉक्टरांचा निरोप लागतो, तुला तोही लागत नाही. घाल मुकाट्यानं. आणि कुणाला सांगू नकोस, नाहीतर सासूबाई ओरडतील."

"ओरडले असते," कडूबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले आणि खिशातून पिशवी काढून स्वतःचा मास्क चढवला. वरचा पट्टा, खालचा पट्टा, नाकावर दोन बोटं. फुंकर मारून कडा तपासल्या. दाराजवळच्या खुंटीवरचा झगा घातला, हातमोजे घातले.

"अहो बाई, हे काय करताय? तुम्हाला आत जायची मनाई आहे ना? वय काय तुमचं!"

"वय माझं मला माहीत आहे. किल्ली नवा मास्क आणतोय. माझा टोप येईल, तुमचं तोंड कडू झालं नाही की मग तुम्ही आत. तोवर इथून हलायचं नाही. आज ही खोली मी पुसते."

त्या बादली घेऊन आत गेल्या. दार मागे मिटलं.

सून उशीला टेकून होती. नाकाला नळी, चेहरा उतरलेला, पण डोळे उघडे. झग्यातल्या बाईकडे ती बघत राहिली. चालण्यावरून तिनं ओळखलं असावं.

"आई?"

"बोलू नकोस. दम लागेल."

"मावशी कुठं आहेत?" तिनं तरी विचारलंच.

"बाहेर. नवा मास्क येतोय तिच्यासाठी. तिचं नाव लिहिलेला. तिघींसाठी येतोय." कडूबाईंनी दांडा बादलीत बुडवला, पिळला आणि फरशीवर टेकवला. "मूर्ख कुठली. मला सांगायचं तरी होतंस."

"तुम्ही यादी दाखवली असतीत."

 कडूबाई खाली मान घालून फरशी पुसू लागल्या. खिडकीपासून सुरुवात केली, कपाटाजवळून आल्या, पलंगाच्या पायांभोवती फिरल्या. कंबर भरून आली. ऑक्सिजनचा बारीक आवाज चालू होता. बाहेर काचेपलीकडे किल्ली येऊन पोचला होता आणि मावशींसमोर खोकं फोडत होता. दाराशी येऊन त्या सरळ उभ्या राहिल्या आणि कपाळावरचा घाम बाहीनं टिपला.

मागून सुनेचा आवाज आला. थकलेला, पण ठाम.

"आई, पलंगाखाली राहिलंय."

कडूबाई वळल्या, वाकून पाहिलं. खरंच राहिलं होतं. त्या बादली घेऊन परत आल्या आणि गुडघे टेकून पलंगाखाली पुसू लागल्या.